मार्गळीतले दोन द्रोण

मार्गळी लागून नऊ दिवस झाले, तरी दाराशी ठेवलेले माझे नवे बूट अजून जागचे हललेले नाहीत. राखाडी रंगाचे, जांभळ्या नाडीचे. आमच्या मुलाने, कार्तिकने, आणून दिले. नाडीची गाठसुद्धा दुकानातल्या माणसाने मारलेलीच आहे. पहाटे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिळ्ळयारच्या, म्हणजे गणपतीच्या देवळातला कर्णा सुरू होतो, मी जागी होते, पंख्याच्या थांबलेल्या पात्यांकडे बघत पडून राहते आणि मनाशी म्हणते, उद्यापासून.

मार्गळी हा इथला डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा महिना. एरवी घामाने निथळणारं हे मद्रास या दिवसांत जरा अंग आखडून घेतं. आमच्या मैलापूरचे म्हातारे माकडटोप्या घालून दूध आणायला निघतात. त्या थंडीला थंडी म्हणायचं की नाही, यावर माझं आणि नवऱ्याचं तेहतीस वर्षांत एकमत झालेलं नाही. दारोदारी बायका ओल्या रस्त्यावर भलेमोठे कोलम, म्हणजे पिठाच्या रांगोळ्या, काढतात, मधोमध शेणाच्या गोळ्यात भोपळ्याचं पिवळं फूल खोचतात. देवळातून तुपात परतलेल्या मिरी-जिऱ्याचा वास येतो. वेण पोंगलचा वास. तांदूळ आणि मुगाची डाळ एकत्र मऊ शिजवून वर तुपाची धार. आपल्या खिचडीची ही श्रीमंत मावशी. या वासाने लोकांना देव आठवत असेल. मला वजनकाटा आठवतो.

गेल्या महिन्यात आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी माझे रिपोर्ट उलटसुलट करून पाहिले आणि चष्मा काढून म्हणाल्या, "साखर काठावर आहे. लिव्हरवर चरबी दिसतेय. वजन कमी करा, रोज चाला." त्या अगदी सहज बोलल्या, दिवसातून वीस जणांना सांगत असतील. पण 'लिव्हरवर चरबी' हे शब्द कानावर पडले आणि मी रिपोर्ट त्यांच्या हातातून परत घेतले. ते शब्द आमच्या घरात एकदा राहून गेले आहेत.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा आला आहे. कंटाळा हा शब्दही कमी पडतो. मी दमले आहे. भाताऐवजी नाचणी, साखरेऐवजी काही नाही, तेल चमच्याने मोजून, रात्रीचं जेवण सातच्या आत, जेवल्यावर शतपावली, लिफ्टऐवजी जिना. यातलं एकही काम अवघड नाही. अवघड हे आहे की ते उद्याही करायचं असतं. लोक नवीन वर्षाला मोठ्या हौसेने सुरुवात करतात, बूट घेतात, बाटली घेतात, मोबाईलवर पावलं मोजतात. मी त्यांच्याकडे कौतुकाने बघते. माझी सगळी हौस पाच वर्षांपूर्वीच्या मार्गळीत संपून गेली.

माझं माहेर चिपळूणचं. काकांनी मद्रासचं स्थळ सुचवलं तेव्हा आईने नकाशा काढून बघितला होता. माझे यजमान माधवराव तंजावरकडचे मराठी. त्यांच्या घराण्यातले लोक कित्येक पिढ्या तिकडे राहून मराठी बोलत आले, पण ती मराठी आपल्या ओळखीची नव्हे. 'मला' नाही, 'मज'. 'तुला' नाही, 'तुज'. मध्ये मध्ये तमिळ, आणि सूर सगळाच तमिळ. पहिल्यांदा फोनवर बोललो तेव्हा मला वाटलं, हा माणूस माझ्याशी अभंगात बोलतोय. लग्नानंतर मी त्यांना माझी मराठी शिकवायला गेले आणि ते मला त्यांची. शेवटी दोघांनीही नाद सोडला.

माधवराव आवडी नावाच्या उपनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीला होते. मैलापूर ते आवडी, गाडी बदलून, रोज. म्हणजे सकाळी बसून जायचं, दिवसभर बसून काम करायचं आणि संध्याकाळी बसून यायचं. जागा मिळावी म्हणून ते एक गाडी सोडून द्यायचे. उभं राहणं त्यांना मुळातच पसंत नव्हतं. डब्यात मी तीन खणांत भात भरायची. सांबारभात, रसमभात, दहीभात. चौथ्या खणात तळलेलं अप्पळम, म्हणजे पापड, किंवा बटाट्याच्या काचऱ्या. घरी आल्यावर कॉफी, तिच्याबरोबर मुरुक्कू, इथली चकली. डबा रिकामा होऊन परत आला की मला बरं वाटायचं. माणूस जेवला, म्हणजे दिवस नीट गेला, असा माझा साधा हिशेब होता.

दारूचा थेंब न घेतलेला हा माणूस. तरी पाच वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजले, पोटात पाणी झालं आणि मोठ्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो दारूचाच.

"कधीच नाही?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"मग हे वजनाचं आणि साखरेचं. वर्षानुवर्षं लिव्हरवर चरबी साठत गेली, आता लिव्हर निबर झालंय." मग त्यांनी पुढचं सांगितलं. औषधांनी भागणार नव्हतं. कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायला हवा होता. माझा रक्तगट जुळेना. सव्वीस वर्षांच्या कार्तिकचा जुळला. मी मनात देवाला हात जोडतेय तोच डॉक्टर म्हणाले, "पण याच्याही लिव्हरवर चरबी आहे. असं लिव्हर घेता येत नाही. दोन महिने कडक पथ्य, रोज तासभर चालणं, वजन उतरायला हवं. मग पुन्हा स्कॅन. त्याहून जास्त थांबण्यात धोका आहे."

एकाच घरातलं, एकाच कढईतलं खाल्लेलं. बापाचं लिव्हर गेलं आणि मुलाचं त्याच वाटेवर होतं. कुणी मला काही म्हणालं नाही. म्हणायची गरजही नव्हती, तो डबा मीच भरला होता.

आहार सांगणाऱ्या बाईंनी दोन कागद दिले. ते मी फ्रिजवर शेजारी शेजारी चिकटवले. डावीकडे माधवरावांचा: दर दोन-तीन तासांनी खायचं, डाळ, पनीर, दही भरपूर, मीठ जवळजवळ नाही, अंगावरचं मांस झडता कामा नये. उजवीकडे कार्तिकचा: दोन जेवणांच्या मध्ये काही नाही, तेल दिवसाला तीन चमचे, भात मूठभर, साखर बंद, मैदा बंद, ऑफिसच्या कॅन्टीनकडे बघायचंही नाही. एकाच स्वयंपाकघरात एकाला पोसायचं होतं आणि एकाला उपाशी ठेवायचं होतं. माधवरावांना अन्नावरची वासना नव्हती, त्यांना घास घास विनवून भरवावं लागायचं. कार्तिक जन्माचा खादाड, तो रिकामी ताटली घेऊन माझ्याकडे बघायचा. ज्याला नको त्याला वाढ, ज्याला हवं त्याच्यापुढून उचल. आई म्हणून इतकं उलटं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

कार्तिक लहानपणापासून तमिळ आणि इंग्रजीतच जास्त बोलणारा. मराठी त्याची माझ्यापुरती. पहिल्याच दिवशी त्याने कागद वाचला आणि म्हणाला, "आई, यात फूड कुठे आहे?"

"हे काय, काकडी."

"काकडी इज जस्ट पाणी, आई."

मग मला कुळीथ आठवले. आमच्याकडे कुळथाचं पिठलं, यांच्याकडे त्याच कुळथाचं, कोळ्ळूचं रसम. वजन उतरवायला इथे घरोघरी हेच सांगतात. म्हणजे ज्या एका पदार्थावर माझ्या सासरचं आणि माहेरचं आयुष्यात एकमत झालं तो हाच. कुळीथ रोज भिजत पडायला लागले. कार्तिक नाक दाबून रसम प्यायचा आणि म्हणायचा, कुळीथ हॉर्सचं फूड, पण घोड्याला जॉब असता तर त्यानेही रिझाइन केलं असतं.

मी हसायची, पण माझे नाकी नऊ आले होते. डोळ्यांत तेल घालून बघत होते, कढईत मात्र चमचाभरच घालत होते. स्वयंपाकघरात छोटा काटा आणला होता, तांदळासाठी. न्हाणीच्या दाराशी मोठा काटा होता, कार्तिकसाठी. दर रविवारी सकाळी आंघोळीआधी तो त्यावर उभा राहायचा, मी आकडा वाचायची आणि माधवराव पलीकडच्या खोलीत पेपरची पानं मोठ्याने उलटायचे.

पहाटेचं चालणं बापलेक जोडीने करायचे. माधवरावांनाही थोडं चाला म्हणून सांगितलं होतं. साडेपाचला दोघं बाहेर पडायचे. कार्तिक कपालीच्या देवळाच्या तळ्याभोवतीच्या चारही माड वीथ्यांमधून, म्हणजे रस्त्यांमधून, भराभर फेऱ्या मारायचा आणि माधवराव पिळ्ळयारच्या देवळाच्या ओट्यावर बसून राहायचे. तासाभराने दोघं घरी. मी तोवर एकासाठी पनीर परतायची आणि एकासाठी दुधीचा रस काढायची. मैलापुरातल्याच लझ भागातल्या पार्कबाहेर फिरायला येणाऱ्यांसाठी दूर्वांचा रस विकतात, अरुगंपुल. पार्कात येणारी निम्मी माणसं चालण्यापेक्षा तोच प्यायला येतात असा माझा संशय आहे. तोही मी एकदा आणून पाजला. देवाला वाहायच्या दूर्वा पोराच्या घशात ओतल्या आणि देव काही म्हणाला नाही.

पहिल्या रविवारी काटा अर्धा किलो उतरला. दुसऱ्या रविवारी तिथेच. तिसऱ्या रविवारीही तिथेच.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. मी तेल तीनचं दोन चमचे केलं. भाताची मूठ आणखी लहान केली. मग कार्तिकवर घसरले. ऑफिसात काय खातोस? मित्र काही आणतात का? चहात साखर घालतोस का? खरं सांग. तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा आणि ताकास तूर लागू द्यायचा नाही. एकदा मी त्याची बॅगसुद्धा उघडून पाहिली. आत लॅपटॉप, चार्जर आणि काकडीची सालं. शेवटी त्याला नको ते बोलले. म्हणाले, "वडिलांसाठी दोन महिने जीभ आवरता येत नाही तुला?"  तो उठला, पाणी प्यायला आणि ऑफिसला गेला.

ते वाक्य मला अजून छळतं. सकाळी जाग आली की बुटांच्या आधी तेच आठवतं.

समोरच्या घरात पट्टू मामी राहतात. सत्तरीच्या, आमच्या गल्लीतला सर्वांत सुबक कोलम त्यांचा. चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी मी दूध घ्यायला खाली उतरले तेव्हा त्या भोपळ्याचं फूल खोचत होत्या. मला पाहून कौतुकाने म्हणाल्या, "आजकालच्या मुलांना देवाचं कुठे काय असतं! पण तुझा कार्तिक बघ. रोज पहाटे देवळात. बाप ओट्यावर द्रोण घेऊन बसलेला असतो आणि मुलगा उभ्या उभ्या प्रसाद खातो. दोन-दोन द्रोण. बघून डोळे निवतात."

"दोन द्रोण? रोज?" मी विचारलं.

"मग! गुरुजी तुझ्या यजमानांना मोठ्या डावाने वाढतात. आजारी माणूस, इतक्या भक्तीने मागतो."

दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. पोंगलमध्ये मीठ असतं, म्हणजे माधवराव त्यातलं एक शीतही खात नव्हते. दोन्ही द्रोण कार्तिकचे. तुपाने थबथबलेले.

वर आले. कार्तिक अंघोळीला गेला होता. माधवराव खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"कार्तिकला रोज पोंगल देता?"

त्यांनी पेपरची नीट घडी घातली. "प्रसाद आहे तो. नको म्हणू नये."

"दोन द्रोण?"

त्यांनी चष्मा काढून घडीवर ठेवला.

"त्याचं वजन उतरलं नाही तर डॉक्टर काय करणार आहेत, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणूनच."

मला कळायला क्षणभर लागला. 

"सव्वीस वर्षांचं लेकरू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "लग्न व्हायचं आहे त्याचं. त्यास माझ्यासाठी कशास कापायचं? मी नको म्हटलं तर कोण ऐकतं इथे? तू ऐकलीस? तो ऐकला? डॉक्टर नाही म्हणाला की झालं, कोणास वाईट वाटायला नको. मज पुरे झालं. पोतुम."

पोतुम म्हणजे पुरे. जेवताना पानावर आडवा हात धरून म्हणतात तसं ते म्हणाले.

मला या माणसाची दया यायला हवी होती. मला राग आला. इतका राग मला लग्न झाल्यापासून कधी आला नव्हता. "तुम्हाला पुरे झालं," मी म्हणाले, "आणि मला? मला पुरे झालं का, हे विचारलंत? मी चमच्याने तेल मोजतेय, पोराला वाट्टेल ते बोलतेय, आणि तुम्ही देवळात बसून माझ्या कपाळावरचं कुंकू त्याला द्रोणातून भरवताय!" असलं नाटकातलं वाक्य माझ्या तोंडून कधी निघेल असं वाटलं नव्हतं. माधवराव रडायला लागले. मग मीही.

कार्तिक डोकं पुसत बाहेर आला, आमच्याकडे पाहिलं आणि सरळ गच्चीवर निघून गेला. मी मागोमाग गेले.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू त्यांना ओरडली असतीस."

"मग खाल्लंस कशाला? तुला कळत नव्हतं, ते का देतात?"

"कळत होतं, आई." तो ओला टॉवेल दोरीवर वाळत घालत होता, कोपरे जुळवून, एरवी कधी न घालणारा. "हॉस्पिटलनंतर अप्पा माझ्याकडे बघतच नाहीत. नोटीस केलंस तू? बोलत पण नाहीत. फक्त तो द्रोण हातात देताना बघतात. मी खाईपर्यंत बघत राहतात. कसं नको म्हणू?" मग जरा थांबून म्हणाला, "ऑफिसात अकरा फ्लोअर आहेत. मी लंचमध्ये दोनदा चढतो. वजन वाढलं तर नाही ना?"

मी पोराला काय काय बोलले होते आणि तो दुपारी एकटा जिने चढत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामाने नव्हे, नुकत्याच झालेल्या अंघोळीने ओला होता. तेवढ्यानेही मला भरून आलं.

आता वाटतं, प्रसाद शितभर घेतला तरी चालतो. बोटावर एक शीत घ्यावं, डोळ्यांना लावून तोंडात टाकावं, बाकीचं शेजाऱ्याला द्यावं. देव रुसत नाही. हे आम्हा तिघांनाही पक्कं माहीत होतं. पण माधवरावांना देवाचं काही द्यायचं नव्हतं. त्यांना आपल्या मुलाला वाचवायचं होतं आणि हातात तेवढंच एक उरलं होतं. मुलाला बापाला वाचवायचं होतं, म्हणून तो बापाच्या हातचं खातही होता आणि जिने चढून जिरवतही होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. चुकत होते ते फक्त माझे चमचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीही त्यांच्याबरोबर निघाले. चप्पल घालूनच, तेव्हा बूट कुठले. कार्तिक तळ्याकडे गेला. मी देवळाच्या ओट्यावर माधवरावांशेजारी बसले.  पूजा झाली, रांग लागली, माधवराव उठले आणि सवयीने दोन द्रोण घेऊन आले. गरम, वर काजू, पानाच्या कडेने तूप पाझरतंय. लांबून कार्तिक येताना दिसला.

"द्या इकडे," मी म्हणाले.

ते बघत राहिले. मी त्यांच्या हातातून दोन्ही द्रोण घेतले आणि उभ्या उभ्या खाल्ले. एक संपवला, मग दुसरा. बोटं चाटली. कार्तिक येऊन समोर उभा राहिला, रिकाम्या द्रोणांकडे बघितलं आणि आणखी एक फेरी मारायला गेला. आणि खरं सांगू? ते मला इतकं आवडलं की माझी मलाच लाज वाटली. चार आठवडे मीही कुळथावरच होते.

पुढे हेच सुरू झालं. माधवराव रोज दोन द्रोण आणायचे. हट्टाने. मी रोज दोन्ही खायची. हट्टाने. नवरा-बायकोचं असं भांडण मैलापुरात दुसरं झालं नसेल. पट्टू मामींचे डोळे आता माझी भक्ती बघून निवायला लागले. घरी आल्यावर मी पुन्हा तेल मोजायची, कुळीथ वाटायची, पनीर भरवायची. रविवारी कार्तिक काट्यावर चढायचा. एक किलो. मग आणखी सव्वा. माझं वजन कुणी करत नव्हतं, मीही केलं नाही.

मार्गळीच्या शेवटच्या दिवशी, भोगीच्या सकाळी, रस्त्यात जुन्या चटया जाळल्याचा धूर होता. माधवराव रांगेतून परत आले तेव्हा त्यांच्या हातात एकच द्रोण होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "तुज आणला," म्हणाले. त्यानंतर कार्तिक आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि लाडाने, लहानपणी म्हणायचे तसं, विचारलं, "किती फेऱ्या झाल्या, कण्णा?"

"सात, अप्पा."

"सेरी," ते म्हणाले. म्हणजे ठीक. त्यांचा होकार एवढाच. स्कॅन पंधरा दिवसांनी झालं, चरबी उतरली होती, आणि ऑपरेशन त्यानंतर.

ऑपरेशनबद्दल मला लिहायचं नाही. दोन खोल्या होत्या, मधे एक लांब कॉरिडॉर, आणि त्या कॉरिडॉरमध्ये मी आयुष्यातलं सर्वांत जास्त चालले. दोघंही बरे झाले. दोघांच्या पोटावर बरगडीखाली जवळजवळ सारखी खूण आहे. कार्तिकचं लग्न झालं, तो आता अण्णा नगरला राहतो आणि रविवारी बायकोला घेऊन येतो. माधवराव शिस्तीचे पक्के झाले आहेत: वेळेवर गोळ्या, उकळलेलं पाणी, बाहेरचं काही नाही, सकाळी पाऊण तास चालणं. जो माणूस जागेसाठी गाडी सोडायचा तो आता घरात फोनवर बोलतानाही उभा असतो. आणि मी त्या वीसेक दिवसांचं पोंगल अजून अंगावर वागवते आहे. सगळंच त्याचं नाही, हे मला समजतं. त्यानंतर मी जी दमले ती खाऊनच सावरत राहिले. सगळ्यांची ताटं मोजून झाल्यावर आपलं ताट मोजायची ताकद राहत नाही. उरलेलं पनीर, उरलेला भात, टाकवत नाही म्हणून पोटात. सगळ्यांना जपणारी बाई घरातली सर्वांत जाड कशी, हे कोडं मला आता पडत नाही.

म्हणून बूट दाराशी पडून असतात. मला चालण्याचं वावडं नाही. पण पुन्हा काटा, पुन्हा चमचे, पुन्हा कुळीथ, आणि या वेळी स्वतःसाठी, हे जिवावर येतं. दुसऱ्यासाठी माणूस काय काय करतो. स्वतःसाठी साधी नाडी सोडवत नाही.

आज सकाळीही तेच. कर्णा वाजला, मी पडून राहिले. माधवराव उठले, गोळी घेतली, माझ्यासाठी बिनसाखरेची कॉफी करून ठेवली. सहाला कार्तिकचा फोन आला. रोज येतो.

"वॉक झाला का, आई?"

"उद्यापासून जाते रे."

रोज तो यावर हसतो, रागावतो, 'आई प्लीज' म्हणतो. आज त्यातलं काही केलं नाही. 

"आई," तो म्हणाला, "एकदाच देता येतं. ठाऊक आहे ना?"

"काय?"

"लिव्हर. मी अप्पांना दिलं. तुला लागलं तर माझ्याकडून आता घेणार नाहीत. म्हणून तू चाल ना, आई."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. कॉफी संपवली. मग उठून दाराशी गेले, खाली वाकले, तर पोट मधे आलं. गाठ दुकानातल्या माणसाने अशी आवळली होती की माझ्या बोटांना सुटेना. माधवराव आतून आले, बघितलं आणि जमिनीवर बसले. बसताना त्यांचा हात सवयीने उजव्या बरगडीखाली गेला, जिथे कार्तिकचा तुकडा आहे. तो हात तिथेच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने आणि दातांनी ती गाठ सोडवली.

"ये," म्हणाले. "हळू चालू."